क्षेत्रोपाध्यायांची वही व मोबाइलची नोंद

नाशिक क्षेत्रीं रामकुंडावर स्नानास आलेला यात्रेकरू आपल्या क्षेत्रोपाध्यायाच्या घरीं जाई. उपाध्याय त्याचें आडनांव व मूळ गांव विचारून त्या घराण्याची वही काढीत, पूर्वजांचे लेख वाचून दाखवीत, आणि यात्रेकरू आपलें, बापाचें, आजाचें, भावांचें व मुलांचें नांव, येण्याचें निमित्त व मिति लिहून खालीं सही करी. जुने लेख बहुधा मोडी लिपींत आहेत. प्रघात मात्र अद्याप मोडलेला नाहीं. आतां त्याच यात्रेकरूच्या खिशांत मोबाइल असतो, आणि त्याच्या नकळत दुसरी एक वही लिहिली जाते: तो कोणत्या मनोऱ्याच्या टापूंत केव्हां होता व कोणाशीं बोलला, ह्याची. ह्या दुसऱ्या वहीवरून समाज व संस्कृति ह्यांचा अभ्यास करण्याची पद्धति रूढ होत आहे. तिची योग्यता काय, व जुन्या वहीशीं तिचें नातें काय, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रयागच्या २०१३ सालच्या कुंभमेळ्याचें उदाहरण घेऊं. जानेवारी ते मार्च ह्या तीन महिन्यांतील, भारती एअरटेलच्या ग्राहकांचे दूरध्वनि व संदेश मिळून सुमारें ३९ कोटि नोंदी, नांवें वगळून, अभ्यासकांस उपलब्ध झाल्या. इयन बार्नेट, तरुण खन्ना व युका-पेक्का ओनेला ह्यांनीं त्यांवरून काढलेला निष्कर्ष २०१६ सालीं ‘प्लॉस वन’ ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. तो असा: यात्रेकरू आपल्याच प्रांतांतील माणसांशीं अधिक बोलतात व मेळ्यांतहि त्यांच्याच जवळ वावरतात, आणि ज्या प्रांताचे लोक मेळ्यांत थोडे, त्यांच्यांत ही ओढ अधिक. एवढ्या विराट समुदायाविषयीं अशी मोजून दिलेली गोष्ट कोणत्याहि बखरींत सांपडणार नाहीं, हें मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे.

तथापि ही नोंद म्हणजे प्रत्यक्ष नव्हे. तें अनुमान आहे. नैयायिकांच्या परिभाषेंत मोबाइल हा धूर व माणूस हा अग्नि. जेथें मोबाइल तेथें माणूस, ही व्याप्ति गृहीत धरल्यावांचून अनुमान उभें राहत नाहीं, आणि ह्या व्याप्तींत व्यभिचार पुष्कळ. पांच माणसांच्या घरांत एकच यंत्र असतें. म्हातारी आई तें जवळ बाळगीत नाहीं. एखाद्याजवळ दोन कंपन्यांचे दोन क्रमांक असतात. आणि वरील नोंदी तर एकाच कंपनीच्या. पोटासाठीं पुण्यास आलेला बिहारी मजूर पुण्यांत क्रमांक घेतो व महाराष्ट्रीय म्हणून मोजला जातो. समाजमाध्यमांवरील चित्रांची गत निराळी. तेथें माणूस आपण होऊन बोलतो, परंतु दुसऱ्यांनीं जें पाहावें असें त्यास वाटतें तेवढेंच दाखवितो. रामकुंडावर स्वतःचें छायाचित्र काढणारा मुलगा दिसतो. त्याच्या मागें पिंडदानास बसलेला बाप दिसत नाहीं.

याहून मोठी उणीव कारणाची आहे. एका प्रांताचे लोक एकत्र कां राहिले? भाषेच्या ओढीनें, गांवकीच्या ओळखीनें, कीं कोणीं त्यांची उतरण्याची सोय एका ठिकाणीं केली म्हणून? मनोऱ्यास हें ठाऊक नसतें. वहीस ठाऊक असतें. वही मुळांत गांव व घराणें ह्यांवरच रचलेली आहे. एका गांवचे लोक पिढ्यान्‌पिढ्या एकाच उपाध्यायाकडे उतरत, कारण त्यांचा लेख तेथें होता. जें प्रयागच्या आकड्यांत नवें म्हणून दिसलें, त्याची एक कारणपरंपरा अशा वह्यांतून शोधतां येईल.

वही निर्दोष आहे असें मात्र कोणीं समजूं नये. तींत स्त्रिया बहुधा कोणाच्या तरी आई किंवा पत्नी म्हणून येतात. ज्यांस २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठीं सत्याग्रह करावा लागला, त्यांचे लेख इतरांच्या बरोबरीनें मिळतील अशी अपेक्षा करणें व्यर्थ आहे. ज्याच्या हातांत मोबाइल आहे तो तरी मनोऱ्यास जातिनिरपेक्ष दिसतो. सबब दोन्ही साक्षीदार परस्परांच्या उलटतपासणीस उभे केले पाहिजेत.

ह्या मोजणीचें व्यावहारिक महत्त्व नाशिककरांस सांगावें लागत नाहीं. २७ ऑगस्ट २००३ रोजीं सिंहस्थांत चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसें मृत्युमुखीं पडलीं. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेंतील मूळचे नाशिककर प्राध्यापक रमेश रासकर ह्यांच्या पुढाकारानें ‘कुंभथॉन’ हा उपक्रम पुढें निघाला. त्यांतून तयार झालेली, पावलांचा दाब मोजणारी चटई २०१५ च्या सिंहस्थांत वापरली गेली. ती पाऊल मोजते, नांव विचारीत नाहीं. गर्दीच्या रक्षणास एवढें पुरतें. इतिहासास अधिक लागतें, आणि अधिक घेतांना संमतीचा प्रश्न येतो. वहींत यात्रेकरू जाणूनबुजून सही करतो. मनोरा त्यास विचारीत नाहीं. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं दिला, तो आम्हां संशोधकांसहि लागू आहे. वहीसहि लागू आहे; दत्तक व वारसा ह्यांचे वाद तींत दडलेले असतात.

आतां टिकाऊपणा पाहूं. दूरध्वनि कंपन्यांनीं नोंदी निदान दोन वर्षें ठेवाव्या, असें परवान्यांच्या अटींत डिसेंबर २०२१ मध्यें घातलें गेलें. त्यापुढें त्या राखण्याचें सर्वसाधारण बंधन नाहीं. ट्विटरनें २०२३ सालीं आपल्या नोंदी विनामूल्य मिळण्याचा मार्ग बंद केला. म्हणजे ज्या वहींत कोट्यवधि माणसें आहेत ती शंभर वर्षांनीं कोणास दिसेल, ह्याची शाश्वति नाहीं. आणि ज्या वहीनें कित्येक पिढ्या काढल्या, तिला आज वाळवी व ओल खात आहे. हरिद्वारच्या वह्यांचीं सूक्ष्मचित्रें यूटाच्या वंशावळी संस्थेनें घेतलीं. परक्यांनीं जें केलें, तें नाशिकच्या वह्यांसाठीं आपण करूं नये काय?

२०२६-२७ च्या सिंहस्थाच्या निमित्तानें दोन गोष्टी संशोधकांनीं अंगावर घ्याव्या. उपाध्याय घराण्यांच्या संमतीनें जीर्ण वह्यांचीं छायाचित्रें घेऊन, मूळ वह्या त्यांच्याच घरीं ठेवून, एक प्रत संशोधन मंडळाच्या दप्तरीं ठेवावी. आणि गर्दीचे जे आकडे मोजले जातील ते, व्यक्तीची ओळख पटणार नाहीं अशा गोषवाऱ्याच्या रूपानें, मोजण्याच्या रीतीच्या टिपणासह त्याच दप्तरीं दाखल करून घ्यावे. राजवाड्यांनीं दप्तरें शोधण्यासाठीं गांवोगांव पायपीट केली, तेव्हां निदान दप्तरें कोठें तरी होतीं. आपल्या काळचें दप्तर मात्र आपण राखलें नाहीं तर पुढील राजवाड्यांस शोधावयासहि कांहीं उरणार नाहीं.