संशोधनलेखाची प्रस्तावना : इंग्रजी अध्यापनक्षेत्रातील मांडणी

इंग्रजी भाषेच्या अध्यापनावर लिहिलेल्या संशोधनलेखाचा आरंभीचा भाग. पद्धती, निष्कर्ष आणि चर्चा या पुढच्या भागांतून संशोधकाने काय केले ते कळते. ते का केले, हे प्रस्तावना सांगते. तिची भाषा वर्णनाची दिसली, तरी काम मन वळवण्याचे असते. हा प्रश्न महत्त्वाचा आहे, तो अजून सुटलेला नाही आणि हा लेख त्यात भर घालतो, हे वाचकाला एक-दोन पानांत पटावे लागते.

या मांडणीचा पद्धतशीर अभ्यास जॉन स्वेल्स या ब्रिटिश भाषावैज्ञानिकापासून सुरू झाला. लीबिया आणि सुदान येथे इंग्रजी शिकवून परतलेल्या स्वेल्स यांनी १९८१ मध्ये बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन विद्यापीठात एक छोटा प्रबंध प्रसिद्ध केला. त्यात भौतिक विज्ञाने, जीवशास्त्र-वैद्यक आणि सामाजिक शास्त्रे यांतील एकूण ४८ प्रस्तावना तपासल्या होत्या. परदेशी विद्यार्थ्यांना व्याकरण येते, शब्द येतात, तरी लेखाची सुरुवात जमत नाही, ही शिक्षकाची अडचण अशा अभ्यासामागे होती. स्वेल्स यांना प्रस्तावनेत चार ‘चाली’ आढळल्या. चाल म्हणजे मजकुराचा असा तुकडा, ज्याने लेखक एक विशिष्ट हेतू साधतो. तो एका वाक्याचा असेल किंवा दोन परिच्छेदांचाही. मात्र विषयाची ओळख करून देणे आणि पूर्वीच्या संशोधनाचा आढावा घेणे या दोन चाली प्रत्यक्ष लेखांत वेगळ्या काढता येत नाहीत, असा आक्षेप आला. स्वेल्स यांनी तो मानला आणि १९९० च्या ‘जॉनर अ‍ॅनालिसिस’ या ग्रंथात तीन चालींचा नवा आराखडा दिला. ‘संशोधनासाठी जागा निर्माण करणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून तो ‘कार्स’ या नावाने ओळखला जातो.

आराखड्याची परिभाषा परिसरशास्त्रातून घेतलेली आहे. एखादा जीव जसा प्रदेशात आपली जागा शोधून तिथे वस्ती करतो, तसा लेखक आधी प्रदेश आखतो, मग त्यात रिकामा कोनाडा दाखवतो आणि शेवटी स्वतः त्या कोनाड्यात बसतो. पहिल्या चालीत विषयाचे महत्त्व ठसवणे, सर्वमान्य गोष्टी सांगणे आणि पूर्वसंशोधनाचा उल्लेख करणे या पायऱ्या येतात. तिसऱ्या चालीत लेखाचा उद्देश किंवा स्वरूप जाहीर होते. कधी मुख्य निष्कर्ष आणि लेखाची रचनाही आधीच सांगितली जाते.

खरी कसोटी दुसऱ्या चालीची. १९९० च्या आराखड्यात तिचे चार पर्याय आहेत : आधीच्या मताला विरोध करणे, उणीव दाखवणे, प्रश्न उपस्थित करणे किंवा चालत आलेली परंपरा पुढे नेणे. इंग्रजीत ही चाल बहुधा ‘हाउएव्हर’सारख्या शब्दाने सुरू होते आणि ‘फ्यू’, ‘लिटल’ अशा अल्पतावाचक शब्दांनी ओळखू येते. २००४ मधील ‘रिसर्च जॉनर्स’ या ग्रंथात स्वेल्स यांनी हे पर्याय कमी केले. उणीव दाखवणे किंवा ज्ञात गोष्टीत भर घालणे, आणि हवे तर त्याचे समर्थन देणे, एवढेच त्यांनी ठेवले. पहिली आणि दुसरी चाल आलटून-पालटून अनेकदा येऊ शकते, हेही या सुधारित आराखड्यात मान्य केले आहे. लांबलचक प्रस्तावनेत प्रत्येक उपविषयाचा आढावा आपापली उणीव दाखवूनच संपतो.

उदाहरणादाखल एक कल्पित लेख घेऊ. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. एका शिक्षिकेने पाचवीच्या वर्गात इंग्रजी गोष्टी मोठ्याने वाचून दाखवण्याचा प्रयोग केला. पहिलीपासूनचे इंग्रजी आणि वाचनावरचे आधीचे अभ्यास हा तिचा प्रदेश. आता दुसऱ्या चालीत ती लिहिते, ‘आमच्या तालुक्यात असा अभ्यास झालेला नाही.’ हे खरेही असेल, पण लेखाला आधार देण्यास ते पुरेसे नाही. अभ्यास झालेला नसणे हे तो करण्याचे कारण होत नाही. याउलट तिने असे दाखवले, की आधीचे अभ्यास एकाच लिपीत वाचणाऱ्या मुलांवर बेतलेले आहेत, तिची मुले मात्र देवनागरीत वाचायला शिकत असतानाच रोमन लिपीही शिकली आहेत आणि त्यामुळे निष्कर्ष बदलू शकतो, तर कोनाडा खरोखर तयार झाला. अशी उणीव सापडण्यासाठी पूर्वसंशोधन नीट वाचावे लागते. तालुक्याचे नाव बदलून ती मिळत नाही. नव्या संशोधकांच्या लेखांतला सर्वांत मोठा कच्चा दुवा हाच आहे, असे प्रस्तुत नोंदकर्त्याचे मत आहे.

शिक्षकांनी शिकवण्यासाठी घडवलेले हे साधन पुढे इंग्रजी अध्यापन आणि उपयोजित भाषाविज्ञान या क्षेत्रांतील लेखांनाही लावण्यात आले. २००७ मध्ये इस्मेत ओझतुर्क यांनी द्वितीय भाषेचे आत्मसातीकरण आणि द्वितीय भाषेतील लेखन या दोन शाखांतील मिळून २० प्रस्तावनांची तुलना केली. पहिल्या शाखेत तीन चालींचा सरळ क्रम प्रबळ होता. दुसऱ्या, तुलनेने नव्या शाखेत तसा एकच साचा नव्हता. म्हणजे एकाच विद्याशाखेत, शेजारच्या दोन उपशाखांतही प्रस्तावनेची घडण बदलते. नियतकालिकानुसारही फरक पडतो. १९४६ मध्ये सुरू झालेले ‘ईएलटी जर्नल’ वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला डोळ्यांसमोर ठेवते. तिथला लेख आटोपशीर असतो आणि त्याची सुरुवात अनेकदा वर्गातल्या अडचणीतून होते. १९६७ पासून निघणाऱ्या ‘टेसॉल क्वार्टर्ली’त सैद्धांतिक चौकट आणि पूर्वसंशोधनाचा आढावा यांना अधिक जागा मिळते. आढावा स्वतंत्र मथळ्याखाली असला, की प्रस्तावना कुठे संपली हेच ठरवणे अवघड होते, आणि या अभ्यासांची आपसांत तुलना करताना ही अडचण वारंवार येते.

हा आराखडा सर्व भाषांना सारखा लागू पडत नाही. उम्मुल अहमद यांना मलय भाषेतील वैज्ञानिक लेखांत, आणि २००९ मध्ये एलियाना हिरानो यांना ब्राझीलमधील पोर्तुगीज लेखांत, दुसरी चाल पुष्कळदा गाळलेली आढळली. जिथे संशोधकांचे वर्तुळ लहान असते आणि प्रकाशनासाठी चढाओढ कमी असते, तिथे सहकाऱ्याच्या कामातली उणीव काढण्याची गरज भासत नाही, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. अशा लेखनाला सदोष म्हणणे चुकीचे ठरेल. इंग्रजी नियतकालिकांची रीत ही त्या स्पर्धेच्या बाजारपेठेत घडलेली एक रीत आहे.

भारतीय शास्त्रग्रंथांत आरंभाची वेगळी शिस्त होती. वेदान्तग्रंथांत ‘अनुबंधचतुष्टय’ सांगतात : विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. यातले विषय आणि प्रयोजन स्वेल्स यांच्या पहिल्या व तिसऱ्या चालीजवळचे आहेत; उणीव दाखवण्याला इथे स्थान नाही. मीमांसेतील अधिकरणात, म्हणजे एका प्रश्नाच्या विवेचनात, मात्र संशय आणि पूर्वपक्ष येतात. त्यांचे नाते प्रश्न उपस्थित करणे आणि आधीच्या मताला विरोध करणे या पर्यायांशी लावता येते. ‘अधिकारी’ म्हणजे ग्रंथ कोणासाठी आहे, याला तीन चालींच्या आराखड्यात स्वतंत्र जागा नाही. इंग्रजी अध्यापनाच्या लेखाला तर तिची फार गरज आहे. लेख शिक्षकासाठी, पाठ्यपुस्तक मंडळासाठी की अन्य संशोधकांसाठी, हे आरंभीच स्पष्ट झाले तर निम्मा गोंधळ टळतो.

भारतात या विषयाला व्यावहारिक निकड आली ती नियमांमुळे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक संशोधनलेख प्रसिद्ध करणे बंधनकारक होते; २०२२ च्या नियमांतून ही अट वगळली. तरी मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीत लिहिणाऱ्यांपुढचा प्रश्न कायम आहे. तीन चाली पाठ करून साच्यात वाक्ये भरणे हा त्यावरचा उपाय नव्हे. स्वेल्स यांनी क्रिस्टीन फीक यांच्यासह १९९४ मध्ये मिशिगन विद्यापीठाकडून प्रसिद्ध केलेल्या ‘अकॅडेमिक रायटिंग फॉर ग्रॅज्युएट स्टुडंट्स’ या पाठ्यपुस्तकाचाही भर विद्यार्थ्याने आपल्या क्षेत्रातील लेख स्वतः तपासण्यावर आहे. संशोधनाची सुरुवात करणाऱ्याने ज्या नियतकालिकाला लेख पाठवायचा, त्यातल्या आठ-दहा प्रस्तावना काढाव्यात, प्रत्येक वाक्यासमोर चालीचा आकडा लिहावा आणि मग आपल्या मसुद्यात दोनचा आकडा कुठे पडतो, ते पाहावे.