रुई, कण्हेर आणि पेशीचा पंप

परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात कापसाच्या रानाच्या बांधावर रुई न लावता उगवते, आणि पिवळी कण्हेर अंगणात किंवा देवळाच्या आवारात हौसेने लावलेली असते. रुईची माळ शनिवारी मारुतीला जाते, कण्हेरीची फुलं महादेवाला. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, कण्हेरीच्या बिया पोरांच्या हाती लागू देऊ नयेत, हेही घरोघरी माहीत असतं. या दोन्ही झाडांतलं हृदयावर घाव घालणारं विष प्राण्याच्या शरीरात एकाच जागी जाऊन बसतं: पेशीच्या आवरणातल्या सोडियम-पोटॅशियम पंप नावाच्या प्रथिनावर. प्राण्याच्या जिवंत पेशीच्या आत आणि बाहेर विद्युतभाराचा जो फरक असतो, तो अखेर या पंपाच्या जोरावर टिकतो. पंपाचा शोध कसा लागला हे पाहताना एक गोष्ट ठळकपणे पुढे येते, आणि ती हव्या तेवढ्या जोराने सांगितली जात नाही, असं मला वाटतं. भार सतत ऊर्जा खर्चून राखावा लागतो, हे धडधाकट पेशीकडे पाहून कुणाला कळलं नाही. थंडीने आणि विषांनी पेशीचं काम अडवलं, तेव्हा ते दिसलं.

प्राण्याच्या शरीरात वीज असते, हे लुइजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायांवरच्या प्रयोगांतून १७९१ मध्ये मांडलं. ती येते कुठून, याचं पहिलं नीट उत्तर जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ युलियस बर्नस्टाइन यांनी १९०२ मध्ये दिलं. पेशीत पोटॅशियम भरपूर, बाहेर थोडं; माणसाच्या पेशीत लिटरला १४० मिलिमोलच्या आसपास, रक्तद्रवात चार-पाच. सोडियमचं नेमकं उलट. आवरणातून पोटॅशियमलाच वाट आहे असं धरलं, तर त्याचे धनभारित आयन दाटीकडून बाहेर निसटतात, आत ऋणभार उरतो आणि तोच पुढच्या आयनांना मागे ओढून धरतो. चेतापेशीत मोजलं तर आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने खाली असते. आकडा किरकोळ वाटेल, पण आवरणाची जाडी मिलिमीटरच्या दोन लाखाव्या हिश्श्याएवढी. त्या हिशेबाने मीटरला एक कोटी व्होल्टहून जास्त ताण झाला. आणि एवढ्यासाठी आयन किती निसटावे लागतात? २० मायक्रॉन व्यासाची पेशी धरली, तर आतल्या पोटॅशियमच्या सत्तर हजारांत जेमतेम एक. बर्नस्टाइन यांचं चित्र पटण्याजोगं होतं ते यामुळेच. त्यात खर्चाला कुठे जागाच नव्हती. सोडियमला आवरण बंद आहे म्हटलं की काम संपलं.

या चित्राला तडा गेला तो रक्तपेढीतल्या बाटल्यांमुळे. १९४० च्या सुमारास थंड ठेवून साठवलेल्या रक्तात दिसलं की तांबड्या पेशींतलं पोटॅशियम हळूहळू बाहेरच्या द्रवात उतरतं, सोडियम आत शिरतं. तेच रक्त पुन्हा ऊब आणि ग्लुकोज देऊन ठेवलं की पोटॅशियम आत परततं. म्हणजे आवरण दोन्हींना झिरपतं, आणि गळक्या हौदावर मोटर चालू ठेवावी तसं काहीतरी आत चालू असतं. रॉबर्ट डीन यांनी १९४१ मध्ये असा पंप असलाच पाहिजे असं लिहिलं. १९५३ मध्ये स्वित्झर्लंडचे हान्स शात्समान यांनी दाखवलं की कण्हेरीतल्या विषाच्याच जातीची, हृदयावर काम करणारी द्रव्यं तांबड्या पेशींतली ही ने-आण थांबवतात. इकडे डेन्मार्कमधल्या ऑर्हूस इथे येन्स स्काऊ हे शल्यविशारद, बधिरतेची औषधं कशी लागू पडतात हे समजून घेण्यासाठी खेकड्याच्या पायातल्या चेतातंतूंवर काम करत होते. त्या तंतूंत त्यांना सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही असतील तेव्हाच जोमाने एटीपी हे पेशीचं ऊर्जाद्रव्य फोडणारं विकर सापडलं. तो निबंध १९५७ चा. पुढच्या वर्षी व्हिएन्नाच्या परिषदेत रॉबर्ट पोस्ट यांनी त्यांना विचारलं, की वाबाइनने हे विकर थांबतं का? आफ्रिकेत शिकारी बाणांना ज्या झाडांचा अर्क लावत, त्यांतलं हे विष, कण्हेरीच्या विषाचं भाऊबंद. स्काऊ यांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी प्रयोगशाळेत निरोप धाडला, सहकाऱ्यांनी करून पाहिलं, आणि विकर थांबलं. विकर आणि पंप एकच, हे त्या विषाने ठरवलं. एका एटीपीच्या मोबदल्यात तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, असा त्याचा हिशेब आहे. स्काऊ यांना नोबेल मिळालं ते १९९७ मध्ये.

पंपाच्या या कल्पनेवरचे दोन आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवेत. पहिला हॉजकिन आणि कीन्स या शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या १९५५ च्या प्रयोगातून निघतो: माकुळाच्या जाड चेतातंतूची ऊर्जानिर्मिती विषाने बंद केली, सोडियम बाहेर टाकणं थांबलं, तरी भार जवळपास तसाच राहिला आणि तंतू संदेश देत राहिला. मग पंप हवाच कशाला? थेट भार निर्माण करण्यात पंपाचा वाटा खरोखरच काही मिलिव्होल्टचा आहे. पण तो तंतू अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यात आधीचा साठा इतका असतो की तो उतरायला वेळ लागतो. साठा भरलेला कुणी, हा प्रश्न उरतोच. मेंदूतल्या बारीक तंतूंना अशी सवड नसते. दुसरा आक्षेप गिल्बर्ट लिंग यांचा: पंप चालवायला लागणारी ऊर्जा पेशीजवळ नाही, पोटॅशियमला आतली प्रथिनंच धरून ठेवतात. हिशेब मागणं रास्त होतं. मात्र मोजलेल्या ने-आणीत सोडियमच्या बदल्यात सोडियम, अशी बिनखर्चाची अदलाबदलही मिसळलेली असते. आणि १९७० च्या दशकात शुद्ध केलेला पंप मेदाच्या कृत्रिम पिशव्यांत बसवून एटीपी दिलं, तेव्हा पेशीतलं दुसरं एकही प्रथिन नसताना त्याने सोडियम-पोटॅशियम वाहून नेलं. माझ्या मते वाद तिथे मिटला. खर्च मात्र मोठा आहे हे लिंग यांचं म्हणणं खरं ठरलं: विश्रांतीत शरीर वापरतं त्या ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा या पंपाकडे जातो.

पंपाने राखलेला भार वापरायची, आवरणातली आयनांची दारं वेगळी, आणि त्यांचीही विषं सेलूच्या रानात आहेत. पऱ्हाटीच्या ढिगाखाली दडणाऱ्या लाल विंचवाचं विष सोडियमची दारं वेळेवर मिटू देत नाही. कापसावर फवारलं जाणारं सायपरमेथ्रीन किड्यांत तेच करतं. दारं उघडी राहिली की चेतातंतू थांबेनासे होतात; विंचू चावलेल्या माणसाला घाम, थंड हातपाय, मग फुप्फुसांत पाणी. शेजारच्या जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावसकर यांनी महाडकडे काम करताना प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध या रुग्णांना दिलं आणि मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आणलं. ते औषध दारांना हातही लावत नाही. चेतांच्या वादळाने आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं. याच लाल विंचवाच्या विषातून १९९० मध्ये आयबेरिओटॉक्सिन हे ३७ अमिनो आम्लांचं प्रथिन वेगळं काढलं गेलं, आणि पोटॅशियमच्या एका मोठ्या दाराचा अभ्यास जगभर त्याच्या आधाराने होतो.

राहता प्रश्न असा, की रुई आणि कण्हेर स्वतःच्या विषाने मरत का नाहीत? त्यांच्या पेशींनाही भार असतो, तोही बहुधा आपल्याहून जास्त. पण त्यांचा पंप सोडियम बाहेर टाकत नाही, हायड्रोजनचे आयन टाकतो. त्यांचा पंप आणि आपला पंप एकाच कुळातले: दोघेही एटीपीतला फॉस्फेट स्वतःच्या अंगावरच्या एका ठरलेल्या अमिनो आम्लावर घेतात आणि त्या जोरावर आकार बदलतात. विषाची बैठक मात्र फक्त प्राण्यांच्या शाखेत आहे. तीही सगळ्यांत सारखी नाही. रुईच्या पानांवर वाढणाऱ्या केशरी फुलपाखराच्या अळीच्या पंपात विष बसतं त्या जागची अमिनो आम्लं बदललेली आहेत, आणि ती चीक पचवून वर तेच विष पक्ष्यांपासून बचावासाठी अंगात साठवते.