एकवीस दिवसांचं गणित

आजोळी सकाळी गाय सारखी हंबरायला लागली की आजोबा म्हणायचे, "माजावर आलीय, डॉक्टरांना निरोप धाडा." मग मोटरसायकलवरून एक माणूस यायचा, मागे जाड कॅन बांधलेला. झाकण उघडलं की पांढरा धूर! आजच्या भागात त्या धुराची गोष्ट सांगतो.

आधी गणित समजून घ्या. गायीचा माज जेमतेम दिवसभर टिकतो. तो चुकला की पुढचा साधारण २१ दिवसांनी. तोवर चारा चालूच, गाय मात्र रिकामी. मग चांगला वळू दहा कोसांवर असून काय उपयोग?

आपल्या देशात कृत्रिम रेतनाची सुरुवात १९३९ साली म्हैसूरच्या पॅलेस डेअरी फार्मवर संपत कुमारन यांनी केली. पण अडचण अशी, की वीर्य थंड ठेवलं तरी थोड्याच दिवसांत निकामी व्हायचं.

तोडगा सापडला लंडनच्या मिल हिल भागात, तोही चुकून! ख्रिस पोल्ज नावाचा तरुण संशोधक कोंबड्याचं वीर्य फळसाखरेच्या द्रावणात गोठवून बघत होता. काही केल्या जमेना. काही महिन्यांनी जुनी बाटली काढून पुन्हा केलं, आणि जमलं की! बाटली तपासली तर आत साखर नव्हतीच. लेबलांचा घोळ झाला होता. आत होतं ग्लिसरॉल आणि अल्ब्युमिन. कमाल ग्लिसरॉलची होती. १९४९ साली हा शोध छापून आला. पुढे उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये वळूचं वीर्य वर्षानुवर्षं टिकायला लागलं. आजोबांच्या अंगणातला धूर म्हणजे त्या थंडीनं धुकं झालेली हवेतली वाफ.

तरी ते गोठ्यापर्यंत पोचवणार कोण? १९४६ साली गांधीजी उरुळी कांचनला आले. त्यांच्यासोबतचे मणिभाई देसाई तिथेच राहिले. १९६७ मध्ये त्यांनी 'बायफ' ही संस्था उभी केली. विचार साधा होता: शेतकऱ्यानं गाय घेऊन फिरायचं नाही, आपणच त्याच्या दारात जायचं. होल्स्टिन आणि जर्सीच्या संकरातून जास्त दुधाच्या कालवडी गावोगाव आल्या. १९८२ साली मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आमच्या आईची कॉलेजची फी त्याच दुधावर भरली गेली. पण गावातला वळू मात्र गेला. एका वळूच्या एका वेळच्या वीर्यातून शेकडो कांड्या भरतात, मग गावात वळू पोसणार कोण? धोकाही इथेच आहे. तोच वळू पुन्हा पुन्हा वापरला, तर बापाचीच कांडी लेकीला भरली जाऊ शकते, आणि पुढची पिढी कमजोर निपजते.

आजोबा फारसे शिकलेले नव्हते. पण कांडीवरचा वळूचा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर न चुकता लिहायचे. तुमच्या गोठ्यात गाय असेल तर तेवढं कराच. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला तरी चालेल.