दुसऱ्या पेढीवरची हुंडी

एका गावच्या पेढीने लिहून दिलेली हुंडी दुसऱ्या गावी वटत असे, ती तिथल्या पेढीला त्या हुंडीची भाषा आणि खूण उमगत असे म्हणून. ओळख नसली की तोच कागद कवडीमोल. संगणकाच्या आज्ञावलीचे, म्हणजे प्रोग्रामचे, नेमके असेच आहे. विंडोजसाठी रचलेला प्रोग्राम आपली आकडेमोड स्वतः करतो खरा. परंतु पडद्यावर चौकट काढ, फाइल उघड, अक्षर उमटव, अशा मागण्या तो पदोपदी ऑपरेटिंग सिस्टिमकडे करीत असतो. प्रत्येक मागणीचे नाव ठरलेले, उत्तरही ठरलेले. लिनक्सच्या पेढीवर ही नावे कोणाच्या ओळखीची नाहीत. म्हणून तिथे हा प्रोग्राम दारातूनच परत फिरतो.

यावर एक उपाय पूर्वापार आहे. १९६४ साली आयबीएमने सिस्टिम/३६० ही नवी यंत्रमाला जाहीर केली, तेव्हा १४०१ या जुन्या यंत्रासाठी ग्राहकांनी लिहून ठेवलेले प्रोग्राम वाया जाऊ नयेत म्हणून नव्या यंत्राला जुन्याचे सोंग घेण्याची सोय करून दिली. सबंध यंत्राचे सोंग घेण्याच्या या रीतीला एम्युलेशन म्हणतात.

१९९३ मध्ये बॉब अ‍ॅमस्टॅट आणि एरिक यंगडेल यांनी निराळी वाट धरली. त्यांचा विचार असा की, विंडोज आणि लिनक्स ज्या यंत्रावर चालतात ते एकच असेल, तर यंत्राचे सोंग कशाला? प्रोग्रामच्या आज्ञा जशाच्या तशा चालू द्याव्यात आणि विंडोजकडे जाणाऱ्या मागण्यांना तेवढे आपण उत्तर द्यावे. या उपक्रमाचे नाव वाइन. मद्याशी त्याचा संबंध नाही. ‘वाइन हे एम्युलेटर नव्हे’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्याची ती आद्याक्षरे, असे त्याचे कर्ते सांगू लागले. १९९४ पासून त्याची धुरा अलेक्झांडर ज्युलियार्ड यांनी वाहिली.

काम मात्र अतोनात किचकट होते. विंडोजची मूळ संहिता मायक्रोसॉफ्टच्या कुलपात. ती ज्याने पाहिली असेल त्याचे लेखन वाइनमध्ये घ्यायचे नाही, असा कडक सोवळा नियम. कारण नकलेचा आरोप आला तर सारेच बुडावयाचे. तेव्हा छोटे चाचणी-प्रोग्राम लिहायचे, ते खऱ्या विंडोजवर चालवून काय उत्तर येते ते टिपायचे, आणि तेच उत्तर देणारी संहिता स्वतः रचायची. त्यातही गंमत अशी की, विंडोजच्या चुकाही तंतोतंत उतरवाव्या लागत. कित्येक प्रोग्राम त्या चुका गृहीत धरूनच लिहिलेले होते. शुद्धलेखनाच्या चुकांसह पोथी नकलून काढणाऱ्या लेखकूची मला येथे आठवण होते. वाइनची १.० ही आवृत्ती निघाली १७ जून २००८ रोजी. मध्ये पंधरा वर्षे गेली होती.

हे सोवळे उगाच नव्हते. १९९१ च्या अखेरीस विंडोज ३.१ ची चाचणी-आवृत्ती निघाली, तिच्यात एक गूढ तपासणी दडवलेली होती. खाली मायक्रोसॉफ्टची डॉस नसून डीआर डॉस ही प्रतिस्पर्धी प्रणाली असेल तर ती काही दोष असल्याचा संदेश दाखवी. विक्रीच्या आवृत्तीत ही तपासणी निष्क्रिय करण्यात आली. पुढे डीआर डॉस कॅल्डेरा कंपनीकडे गेली. तिने १९९६ मध्ये खटला भरला आणि जानेवारी २००० मध्ये तडजोड झाली. मागण्यांची नावे आणि त्यांची मांडणी दुसऱ्याने वापरावी की नाही, हा वाद गूगल आणि ओरॅकल यांच्या जावाविषयीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. गूगलने केलेला वापर न्याय्य होता, असा निर्णय २०२१ साली सहा विरुद्ध दोन मतांनी झाला. अशा मांडणीवर मुळात स्वामित्वहक्क असतो काय, हा प्रश्न मात्र न्यायमूर्तींनी सोडवलाच नाही.

दरम्यान वारे फिरले होते. २०१६ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने विंडोजवर लिनक्सचे प्रोग्राम चालविण्याची सोय केली, तीही याच रीतीने, मागण्यांचे उत्तर आपण देऊन. ते पुरेसे पडेना, तेव्हा २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत लिनक्सचा खरा गाभाच आत आणून बसविला. वाइनकर्त्यांना ही पळवाट नव्हती. विंडोजचा गाभा त्यांना कोण देणार?

आपल्याकडे युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या टंकांत, त्यांच्या त्यांच्या खाजगी संकेतांनुसार जुळविला जाई. त्या काळची एखादी स्मरणिका आज संगणकावर उघडावी तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता खच पडतो. ती जुळविणारा विंडोजचा जुना प्रोग्राम हाती असेल आणि समोर लिनक्स असेल, तर तो एकदा वाइनवर चालवून पाहावा.