'पाणी' सापडतं, 'पाण्यासाठी' का सापडत नाही?

आमच्या साप्ताहिकाच्या वेबसाइटवर नुकतंच शब्दसूची करणारं एक प्लगइन बसवलं. जुने अंक टाईप करून चढवायचे, कुठला शब्द कुठल्या बातमीत आलाय याची यादी ते आपोआप करतं. मी खूश होतो. आठच दिवसांत एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. "अहो, १९७२च्या दुष्काळातली बातमी शोधतोय. मथळ्यात 'पाण्यासाठी' होतं. मी 'पाणी' लिहिलं तर ती येतच नाही!"

गुरुजींचं बरोबर होतं. मराठीत विभक्ती लागली की शब्दाचं रूपच बदलतं. पाणीचं पाण्या, पुणेचं पुण्या, घोडाचं घोड्या. आमच्या यंत्राला हे दोन वेगळे शब्द वाटतात.

मित्रांनो, हा प्रश्न नवा नाही. पुण्यात येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी संस्कृतच्या महाकोशाचं काम सुरू केलं. ऋग्वेदापासून पुढचे सुमारे दीड हजार ग्रंथ वाचायचे आणि शब्द कुठे, कुठल्या ओळीत आला ते कागदाच्या चिठ्ठीवर उतरवायचं. पंचवीस वर्षं हेच चाललं. चिठ्ठ्या झाल्या जवळपास एक कोटी! कॉम्प्युटर नाही, फक्त माणसं, शाई आणि लोखंडी खण.

पण खरी मेहनत उतरवण्यात नव्हती, चिठ्ठी कुठल्या खणात टाकायची हे ठरवण्यात होती. ग्रंथात 'राज्ञा' दिसलं तरी चिठ्ठी 'राजन्'कडे जाते. 'गच्छति' दिसलं तर 'गम्'कडे. हे ठरवायला भाषा जाणणारा माणूसच लागतो. म्हणूनच कोशाचा पहिला भाग छापून यायला १९७६ उजाडलं, आणि पुढची कित्येक दशकं 'अ' अक्षरातच गेली. लोक हसतात. मला आता हसू येत नाही.

त्याच्याही आधीचं उदाहरण मोल्सवर्थचं. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ला निघाला, सुमारे ४० हजार शब्दांचा. तेवढ्यावर तो थांबला नाही. जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, नव्या घातल्या आणि १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्द गेले ६० हजारांच्या घरात. आज हा कोश शिकागो विद्यापीठाच्या कृपेनं ऑनलाइन शोधता येतो. पण त्यात आपलं 'तळं' हवं असेल तर 'तळें' असं जुन्या वळणानं शोधावं लागतं. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी आपले बरेच अनुस्वार गेले, जुन्या छापील कागदांवर मात्र ते तसेच आहेत. म्हणजे आमच्याकडच्या जुन्या अंकांत 'कांहीं' आणि 'काही' असे दोन्ही सापडणार, आणि यंत्र त्यांची ओळख करून देणार नाही.

म्हणायचं एवढंच, की सूची एकदा बसवली आणि झालं, असं कधीच नसतं. वापरणारा अडखळतो, सांगतो, मग करणारा दुरुस्ती करतो. तालुक्याच्या अंकात दुष्काळ आहे, धरणासाठी उठलेली गावं आहेत, बाजारभाव आहेत. हे दुसरीकडे कुठे छापलेलं नाही. सूचीत सापडलं नाही, तर पुढच्या पिढीच्या लेखी ते घडलंच नाही.

आम्ही आता एक साधी वही केलीय. डावीकडे मूळ शब्द, उजवीकडे त्याची रूपं. पहिली ओळ गुरुजींची: पाणी – पाण्या, पाण्यासाठी, पाण्याचा, पाण्यावरून. ही जोडणी हातानंच प्लगइनमध्ये भरतोय. गुरुजींची बातमीही मिळाली त्यातूनच.

तुम्हीही काही शोधलं आणि मिळालं नाही, तर खाली लिहा. दोनच गोष्टी: तुम्ही कुठला शब्द टाकला, आणि अंकात तो कसा छापला होता. गावातल्या वस्त्यांची, ओढ्यांची, शेतांची जुनी नावं तर नक्की कळवा. ती आम्हालाही सगळी माहीत नाहीत.