पिसांचे गोदाम : सह्याद्रीचा रानकोंबडा आणि सॅमनची माशी

मुंबई-नाशिक महामार्गावर भिवंडीजवळ वडपे लागते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामांच्या पत्र्याच्या रांगा पसरलेल्या दिसतात. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल ठेवता यावा, या सोयीतून भिवंडी परिसरातील ही गोदामे वाढली. १ जुलै २०१७ रोजी जकात संपली, गोदामे मात्र राहिली आणि आणखी वाढली. अशा गोदामात वस्तूची जागा ती कोठून आली यावरून सहसा ठरत नाही, ती किती लवकर बाहेर जाणार यावरून ठरते. रोज खपणारा माल दाराजवळ, क्वचित लागणारा मागच्या रॅकवर.

साठवणुकीचा हाच नियम दीडशे वर्षांपूर्वी एका फार लहान गोदामाला लागू होता. ते कोटाच्या खिशात किंवा प्रवासाच्या सामानात मावत असे आणि त्यात पिसांनी मढवलेले गळ ओळीने लावलेले असत. त्यातील एक मोलाचे पीस जेथून येई, ती सह्याद्रीची जंगले वडप्यावरून पुढे शहापूर-कसाऱ्याकडे जाताना सुरू होतात. त्या पिसाचा आणि त्या पेटीचा हा धागा.

गळाच्या आकड्यावर पिसे, रेशीम, लोकर आणि जरीची तार बांधून केलेल्या आमिषाला इंग्रज ‘फ्लाय’, म्हणजे माशी म्हणतात. मासा आणि माशी ही जोडी मराठीला अनायासे लाभलेली आहे. नदीतील ट्राउट मासा पाण्यावरचे किडे खातो, म्हणून त्याच्यासाठी केलेली माशी खऱ्या किड्यासारखी आणि नखाएवढी असते. सॅमनची गोष्ट वेगळी. समुद्रातून अंडी घालण्यासाठी नदीत चढलेला सॅमन गोड्या पाण्यात जवळजवळ काही खात नाही. तो आमिषावर का झडप घालतो याचे उत्तर भूक हे नव्हे. त्यामुळे त्याच्या माशीला कोणत्याही किड्यासारखे दिसण्याचे बंधन उरले नाही. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनमध्ये या मोकळिकीचा पुरेपूर फायदा घेतला गेला. माशा बोटाएवढ्या लांब झाल्या, आणि जगातील ज्या ज्या पक्ष्याचे पीस जहाजाने लंडनला पोहोचत होते, ते ते त्यांच्यावर चढले.

‘जॉक स्कॉट’ ही त्या काळातील सर्वांत गाजलेली माशी. तिच्या कृतीत सोनेरी फेझंटची शेंडी, टूकनचे पिवळे पीस, मोराचे पीस, रंगवलेले हंसाचे पीस, बस्टर्ड, टर्की, रानबदक आणि निळा मकाव यांची नावे येतात. त्यात ‘फ्लोरिकन’ही आहे. भारतात हे नाव माळरानावरील तणमोराला आणि त्याच्या तराईतील नातलगाला आहे. आज तणमोर नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे, त्यामुळे ती कृती वाचताना आता थोडे थबकायला होते. जॉर्ज केल्सन याने १८९५ मध्ये ‘द सॅमन फ्लाय’ हा ग्रंथ काढला, तेव्हा अशा कृतींचे शास्त्रच तयार झाले होते. कोणत्या नदीला कोणते पीस हवे, यावर सभ्य गृहस्थ गंभीरपणे भांडत. सॅमनला यातले किती कळत होते, हा प्रश्न तेव्हाही काही जणांनी विचारला होता.

या बहुतेक माशांच्या दोन्ही बाजूंना डोळ्यासारखे एक चमकदार पीस लावले जाई. कृतीत त्याचे नाव ‘जंगल कॉक’. हा आपला राखी रानकोंबडा. पिअर सोनेरा हा फ्रेंच निसर्गसंशोधक भारतात फिरून गेला होता. त्याच्या सन्मानार्थ टेमिंकने १८१३ मध्ये या पक्ष्याला ‘गॅलस सोनेराती’ हे नाव दिले. हा पक्षी फक्त भारतात, मुख्यतः दक्षिण व पश्चिम भागात आढळतो. नराच्या मानेवरील पिसांचा दांडा टोकाशी रुंदावतो आणि तेथे पिवळसर-पांढरा, मेण ओतल्यासारखा कठीण ठिपका तयार होतो. पाण्यात भिजल्यावरही तो ठिपका चमकतो, म्हणून त्याला भाव. विणीचा हंगाम सरला की नर ही पिसे गाळून पावसाळ्यात साधे रूप धारण करतो. म्हणजे माल वर्षभर मिळणारा नव्हता, पक्षी योग्य महिन्यांतच मारावा लागे. व्यापारात मानेची सबंध कातडी पिसांसकट विकली जाई.

जाता जाता एक गोष्ट: पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा असला, तरी तिच्या कातडीचा पिवळा रंग या राखी रानकोंबड्याकडून आला असल्याचे २००८ मध्ये जनुकीय अभ्यासातून दिसून आले.

आता पेटीकडे वळू. मोठी माशी बांधणे जितके अवघड, तितकेच ती टिकवणेही. सुरुवातीला माशा चामड्याच्या पाकिटात, फ्लॅनेलच्या पानांमध्ये ठेवत. लहान माशीला ते चाले. मोठ्या माशीचे पंख मात्र पाकीट मिटताच चेपत आणि वाकलेले पंख पाण्यात सरळ पोहत नाहीत. त्यातच ओली माशी पाकिटात गेली की फ्लॅनेल ओल धरून ठेवी आणि आकड्यावर गंज चढे. आकड्याला दोर बांधण्यासाठी पुढे एक फासा असे. तो रेशीमकिड्याच्या ग्रंथी ताणून काढलेल्या चिवट तंतूचा असायचा. वाळल्यावर तो कडक होई, जुना झाला की तुटे. दिसायला नवीकोरी माशी ऐन वेळी मोठ्या माशाच्या तोंडात राहून जाई, ती या फाशामुळे. शिवाय कसर होतीच. कपाटातील लोकरी शाल जी अळी कुरतडते, तिला पिसेही तितकीच आवडतात. त्यावर उपाय आपल्या आजीचाच: कापूर, आणि कोळशाच्या डांबरातून नॅप्थलीन निघू लागल्यावर डांबराच्या गोळ्या.

या साऱ्यातून धातूची पेटी पुढे आली. वॉल्सॉल येथे १८६० मध्ये स्थापन झालेल्या रिचर्ड व्हीटली कंपनीचे नाव अशा पेट्यांशी कायमचे जोडले गेले. आत ओळीने स्प्रिंगचे चिमटे असत. चिमटा आकड्याचा बाक पकडी, त्यामुळे पंख कशालाही न टेकता अधांतरी राहत आणि हवाही खेळे. घरच्या साठ्यासाठी काळे रोगण दिलेल्या पत्र्याची मोठी पेटी असे आणि तिच्यात उचलून काढता येणारी तबके एकावर एक रचलेली असत. तिला ‘रिझर्व्हॉयर’, म्हणजे जलाशयच म्हणत. जलाशयातून त्या दिवसापुरत्या माशा खिशातल्या लहान पेटीत उतरत. वडप्याच्या गोदामातून शहरातील दुकानात माल जातो, तशीच ही व्यवस्था होती.

तबकांची मांडणी आकड्याच्या मापाने, माशीच्या नावाने किंवा नदीनुसार होई. वसंतातील गढूळ, भरल्या पाण्यासाठी मोठ्या माशा एकीकडे, उन्हाळ्यातील निवळ पाण्यासाठी लहान दुसरीकडे. माशांना नावे असत ती कोळ्यांची, उमरावांची, नद्यांची. वापरणाऱ्याच्या दृष्टीने ही मांडणी निर्दोष होती. मात्र पीस कोणत्या पक्ष्याचे, कोणत्या रानातले आणि कोणाच्या फाश्यात सापडलेले, यासाठी त्या पेटीत एकही कप्पा नव्हता. उरलेली नावेही फसवी होती. याच कृतींमध्ये ‘इंडियन क्रो’ नावाचे तांबडे पीस येते. तो पक्षी भारतीय नाही आणि कावळाही नाही, तो दक्षिण अमेरिकेतील फळे खाणारा पक्षी आहे. खरोखर भारतातून आलेल्या पिसाच्या वाट्याला मात्र ‘रानातला कोंबडा’ एवढेच नाव आले. कोणते रान, हे विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही.

त्याच काळात पक्षी आणि मासे साठवण्याची दुसरीही एक रीत चालू होती आणि तिचा आग्रह नेमका मूळ ठिकाणावर होता. कर्नल साईक्सने दख्खनच्या माशांची नोंद केली, तेव्हा पुण्याच्या मुळा-मुठेतील महसीरला त्याने १८३९ मध्ये ‘खुदरी’ हे स्थानिक नावच शास्त्रीय नाव म्हणून दिले. आजही जगभरच्या ग्रंथांत हा मासा ‘टॉर खुदरी’ आहे. माशीच्या पेटीत एकाही मराठी शब्दाला अशी जागा मिळाली नाही.

या दुसऱ्या रीतीचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. काँग्रेसचे संस्थापक म्हणून ते पाठ्यपुस्तकात भेटतात, पण सिमल्याच्या त्यांच्या घरात भारतातील पक्ष्यांचा अवाढव्य संग्रह होता. प्रत्येक कातडीला चिठ्ठी: जाती, ठिकाण, तारीख, गोळा करणारा. शत्रू तेच, किडे. भुंगेऱ्यांनी पोखरलेले सुमारे २०,००० नमुने ह्यूम यांना स्वतः नष्ट करावे लागले. पंचवीस वर्षांच्या टिपणांची हस्तलिखिते तर नोकराने रद्दीच्या भावात बाजारात विकून टाकली. या आघातानंतर त्यांनी उरलेला संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. १८८५ मध्ये, म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेच्याच वर्षी, बाउडलर शार्प सिमल्यास आला आणि सुमारे ८२,००० नमुने पेट्यांत भरून घेऊन गेला. देशातील एवढे ज्ञान देशाबाहेर गेले, याची खंत करण्यास जागा आहे. तरी चिठ्ठ्या शाबूत होत्या, म्हणून कोणता पक्षी कोठे आढळत होता हे आजही त्यांवरून कळते.

कायद्यानेही या दोन साठ्यांत फरक केला. १९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारने रानपक्ष्यांची कातडी व पिसे यांच्या निर्यातीवर बंदी घातली. शहामृगाची पिसे आणि निसर्गशास्त्रासाठी प्रामाणिकपणे पाठवलेले नमुने यांना सूट होती. टोप्यांची बाजारपेठ माशीच्या बाजारपेठेपेक्षा कितीतरी मोठी होती आणि बंदीचा मुख्य रोखही तिच्यावरच होता. चोरटी निर्यात पुढेही चालली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानकोंबड्याला देशातच संरक्षण मिळाले. आता परदेशातील माशी बांधणारे तेथेच पिंजऱ्यात वाढवलेल्या रानकोंबड्यांची पिसे वापरतात.

दोन्ही साठ्यांची गाठ पडली ती २००९ च्या जूनमध्ये. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे पक्षी ट्रिंग या लहान गावात हलवण्यात आले होते. ह्यूम यांचा संग्रहही त्यांतच आहे. लंडनमध्ये बासरी शिकणारा एक विशीतला अमेरिकन विद्यार्थी रात्री खिडकी फोडून आत शिरला आणि खणांतून २९९ पक्षी सूटकेसमध्ये भरून घेऊन गेला. तो जुन्या कृतींबरहुकूम सॅमनच्या माशा बांधणाऱ्यांतला नावाजलेला कारागीर होता. त्याने नेलेले पक्षी प्रामुख्याने कोटिंगा, ‘इंडियन क्रो’ आणि स्वर्गपक्षी यांच्यापैकी होते. काही आल्फ्रेड रसेल वॉलेसने गोळा केलेले होते. या माशांनी आज सहसा कोणी मासे धरत नाही, त्या काचेआड ठेवण्यासाठी बांधल्या जातात. तरीही पिसांना गिऱ्हाईक होते आणि ती इंटरनेटवरून विकली गेली.

चोरी लक्षात यायला महिना लागला, चोर सापडायला वर्षाहून अधिक. १७४ पक्षी अखंड परत मिळाले. त्यांपैकी चिठ्ठी शाबूत होती ती १०२ जणांच्या पायाला. माशी बांधणाऱ्याच्या लेखी चिठ्ठी म्हणजे पिसाच्या आड येणारा दोरा, म्हणून ती कापून टाकलेली. उरलेले ७२ पक्षी संग्रहालयात परतले, त्यांची पिसे जागच्या जागी आहेत. ते कोठे आणि कधी मिळाले, हे मात्र त्यांच्यापैकी एकावरही आता लिहिलेले नाही.