तुमचे शंभर, सरकारचेही शंभर : छोट्या दुकानदारांची पेन्शन योजना

बेकरी, गॅरेज, टेलरिंग, मटणाचे दुकान, किराणा. आपल्या समाजातील कितीतरी घरे अशा छोट्या धंद्यावर चालतात. हातपाय चालतात तोवर गल्ल्यात पैसा येतो. पण म्हातारपणी ना पीएफ, ना पेन्शन; सगळी मदार मुलांवर. अशा दुकानदारांसाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रधानमंत्री लघु व्यापारी मानधन योजना आणली. सूत्र साधे आहे. दरमहा तुम्ही जेवढे भराल, तेवढेच सरकार तुमच्या नावावर भरते. वयाच्या साठीनंतर महिन्याला ३००० रुपये पेन्शन मिळते.

कोणाला घेता येते?
वय १८ ते ४० आणि वर्षाची उलाढाल दीड कोटींच्या आत हवी. दुकानदार, वर्कशॉपवाले, छोटे हॉटेलचालक, कमिशन एजंट यात बसतात. इन्कम टॅक्स भरणारे किंवा पीएफ, ईएसआयसीचे सदस्य मात्र बसत नाहीत. ज्यांची कमाई महिना १५ हजारांपर्यंत आहे अशा फेरीवाल्यांसाठी आणि घरी शिवणकाम करणाऱ्या भगिनींसाठी श्रमयोगी मानधन ही अशीच वेगळी योजना आहे. दोन्ही एकत्र घेता येत नाहीत.

किती भरायचे?
हप्ता वयावर ठरतो. १८ व्या वर्षी ५५ रुपये, २९ व्या वर्षी १००, चाळिसाव्या वर्षी २००. हिशेब करून बघा. २९ व्या वर्षी सुरुवात केली तर ३१ वर्षांत तुमच्या खिशातून ३७,२०० रुपये जातात. पेन्शन वर्षाला ३६,००० येते. अर्थात तोवर महागाई वाढलेली असेल, म्हणून फक्त यावर विसंबून राहू नका.

हे भांडवल नव्हे
रमजानच्या सीझनला माल भरायला हा पैसा काढून परत ठेवता येत नाही. दहा वर्षांच्या आत बाहेर पडलात, तर फक्त तुमचा हिस्सा बँकेच्या बचत खात्याच्या व्याजासह परत मिळतो. सरकारचा हिस्सा मिळत नाही. हप्ते थकले तर थकबाकी दंडासह भरून खाते पुन्हा चालू करता येते. पेन्शन सुरू झाल्यावर खातेदाराचे निधन झाले, तर पती किंवा पत्नीला निम्मी पेन्शन मिळते. मुलांना नाही.

व्याजाचे काय?
हा प्रश्न आपल्या घरांत येणारच. फतवा देणे आमचे काम नाही. आपल्या भरवशाच्या मुफ्तीसाहेबांना विचारा, पण अर्धवट माहिती देऊन नको. निम्मी रक्कम सरकारची असते, निधी एलआयसी सांभाळते आणि मध्येच बाहेर पडल्यास परताव्यात व्याज असते, हे तिन्ही मुद्दे त्यांच्यापुढे ठेवा.

नोंदणी कशी?
आधार कार्ड, बँक पासबुक आणि मोबाइल घेऊन जवळच्या सीएससी केंद्रात जा. पहिला हप्ता रोख, पुढचे खात्यातून आपोआप कापले जातात. त्यामुळे खात्यात शिल्लक ठेवा. आधारवरची जन्मतारीख आधी तपासा, कारण चाळिशी ओलांडली की नोंदणी होत नाही. घरात तिशीतला दुकानदार असेल, तर ही चर्चा त्याच्याशी आजच करा.